जयसिंगनं चिप बदलली

२ मार्च, रविवार

बदलली! चिप बदलली त्यानं!

काल संध्याकाळी जयसिंगच्या दुरुस्तीच्या दुकानातून गिटारचं हिरवं पेडल परत आणलं. आज दुपारी क्लासच्या खोलीत शटर अर्धं खाली ओढून निवांत लावून बघितलं आणि डोकंच सणकलं. आवाजाला धार नाही. तार छेडली की वर एक चर्र अशी कड यायची, ती गायब. स्पीकरवर कुणीतरी वाकळ टाकल्यासारखं वाटतंय. दुरुस्तीला दिलं ते दोन कारणांनी — पायाचा स्विच खरखरत होता, आणि दिवाळीपासून आवाज जरा बसल्यासारखा वाटत होता. स्विच झाला नीट. आवाज मात्र होता त्याहून बसला. माणसानं यातून काय समजायचं?

त्या पेडलमध्ये जुनी जपानी चिप आहे. आठ पायांची, वालाच्या दाण्याएवढी. आता तशी बनत नाही. दोन हजार चारला पुण्यात एकजण गिटार सोडून नोकरीला लागला, त्याच्याकडून हे पेडल घेतलं ते केवळ या चिपसाठी. जयसिंगला हे सगळं माहीत आहे. मीच सांगितलंय त्याला, दहा वेळा, चहा पीत पीत. मूर्ख मी!

उघडून बघावं तर तेही करता येत नाही. जयसिंगची पद्धत आहे — दुरुस्ती झाली की तळाच्या एका स्क्रूवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. ठिपका फुटलेला दिसला की त्याची जबाबदारी संपली. मी उघडलं तर तोच म्हणणार, चिप तुम्हीच काढलीत. बरोबर अडकवून ठेवलंय मला.

३ मार्च

बायको, ललिता, सकाळी सकाळी तोंड सोडून. इन्व्हर्टर तासभर टीं टीं करतोय, बॅटरीत पाणी घाला म्हणून. मी त्याच्याच शेजारी बसून पेपर वाचत होतो म्हणे. वाचत होतो! माणूस विचारात असतो. या घरात विचार करायचीही सोय राहिली नाही.

४ मार्च, मंगळवार

उचगावातून स्कूटर काढली ती थेट राजारामपुरीत, जयसिंगच्या दारात. नमस्कार-चमत्कार काही नाही. पेडल त्याच्या टेबलावर आपटलं आणि विचारलं, माझी चिप कुठं आहे?

त्यानं हातातलं सोल्डरिंगचं यंत्र स्टँडवर ठेवलं. पेडल लावलं, भिंतीवरची गिटार काढली आणि स्वतःच वाजवायला लागला. त्याला सगळी मिळून एकच धून येते, तीही चुकत. मग मी टोनचा नॉब पार उजवीकडे नेऊन ठेवला होता तो बघितला. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग तो नॉब अर्ध्यावर आणला. माझ्या पेडलचा नॉब! मी परत उजवीकडे नेला.

तेव्हा म्हणाला, "मास्तर, पेडल ठणठणीत हाय. बिघाड कशात हाय त्ये मला कळतंय, पण त्यो माझ्या दुकानात दुरुस्त व्हत न्हाय."

आमच्याकडं होत नाही म्हणे! मग बाहेर पाटी कशाला लावली आहे एवढी मोठी? सरळ चोरी कबूल करायची नाही म्हणून कोड्यात बोलायचं. गेली अकरा वर्षं हा माणूस चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात, आमच्या बँडच्या स्टेजमागे सोल्डरिंग घेऊन बसतो. समाजातला नाही, पण घरचाच समजत होतो. परत येताना कावळा नाक्यावर सिग्नल तोडला आणि हवालदाराच्या शिव्या खाल्ल्या. त्याही जयसिंगच्याच खात्यावर.

५ मार्च

ग्रुपवर टाकलं. जिल्ह्यातले सगळे गिटारवाले आहेत त्यावर, दीडशेच्या आसपास. लिहिलं — 'राजारामपुरीतल्या जयसिंगकडे जुनं पेडल देताना सांभाळा. आतला माल बदलतो. स्वतःचा अनुभव.'

तासाभरात चाळीस जणांचे अंगठे. कुणाला काय, कुणाला काय, प्रत्येकाला काहीतरी आठवलंच. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

तालीम. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची पहिलीच. डोकं उठवलं सगळ्यांनी.

सम्राट ड्रम वाजवतो. हात चांगला आहे, डोक्याच्या नावानं आनंद. माझ्या पेडलकडं बोट करून म्हणतो कसा, "दादा, सगळ्या डब्या सारख्याच असत्यात की. रंग तेवढा येगळा." मला वाटलं, त्याच्या ड्रमचं चामडं फाडून त्याच्या गळ्यात घालावं. वीस वर्षं मी पोरांना जे शिकवतो ते माझ्याच ड्रमवाल्याला माहीत नाही. तिथं तोंड उघडलं नाही. इथं लिहितो.

गिटारची लहर डबीत शिरते तेव्हा अगदी बारीक असते. आतली चिप तिला फुगवते, पन्नास पट, शंभर पट. फुगता फुगता ती डायोडला जाऊन धडकते. डायोड सांगतो, बस्स, यापुढं नाही. लहरीचा माथा तिथं कापला जातो आणि त्या कापलेल्या माथ्याचा जो आवाज, तो ओव्हरड्राइव्ह. इथपर्यंत सगळ्या डब्या सारख्या, कबूल. पण डायोड बसवलाय कुठं? सगळा खेळ तिथं आहे!

हिरव्या डबीत डायोड चिपच्या परतीच्या वाटेवर बसतात. बाहेर पडलेला आवाज थोडा मागे फिरून चिपमध्ये येतो, त्या वाटेवर. त्यामुळं लहर फुगायला लागली की चिप स्वतःच हात आखडता घेते. दूध वर यायला लागलं की गॅस बारीक करतात तसं. माथा कापला जातो, पण गोल राहतो. आणि मूळ सूर थोडा तसाच्या तसा सोबत चालतो. पिवळ्या डबीत डायोड चिपच्या पुढं, सरळ अर्थिंगला जोडलेले. तिथं गॅस बारीक करणं वगैरे नाही, दूध वर आलं की वरून ताट दाबायचं. माथा सपाट. आवाज कडक, खरखरीत, भांडखोर. निळ्या डबीत तर चिपच नाही! सुटे ट्रान्झिस्टर एकामागं एक. बोट हलकं पडलं की आवाज स्वच्छ, जोरात पडलं की फाटणार. ती बोटांचं ऐकते, म्हणून कच्च्या वादकाची अब्रू काढते.

आणि हिरवी आधीच खर्ज कापून घेते. बासच्या अंगावर जात नाही, मधला सूर पुढं काढते. आठ जण वाजवत असताना गिटारची धून मैदानाच्या टोकापर्यंत पोचते ती यामुळं. आमच्या पहिल्या गाण्याची सुरुवातीची धून अकरा वर्षं मी हिरव्यावरच वाजवतोय. ती वाजली की लोक उठून उभे राहतात. निळ्यावर वाजवून बघा, कुणी ढुंकून बघणार नाही.

रंग वेगळा म्हणे!

तालमीत टोनचा नॉब शेवटपर्यंत नेला तरी धार येईना. संघप्रिया माझ्या शेजारीच उभी राहून गाते, तिनं कडव्याच्या मध्ये थांबून कानाला हात लावला. तिचा स्वतःचा सूर लागत नव्हता आज.

१२ मार्च, बुधवार

आणखी एक. पेडल शीळ घालतंय!

दुपारी क्लासमध्ये वाजवणं थांबवलं तर बारीक शीळ. उजव्या बाजूनं. नक्कीच अ‍ॅडॉप्टर खराब, म्हणून अ‍ॅडॉप्टर काढला. शीळ चालूच. अ‍ॅम्प बंद केला. चालूच. वायर काढून पेडल हातात घेऊन बसलो, तरी येतेय! आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, तोच वाजत असणार. जुना चांगला माल असता तर असं झालं नसतं. जयसिंगनं चिपबरोबर कपॅसिटरही काढलेले दिसतात. पेडल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

जेवताना पुन्हा आली. कपाट बंद असताना! काय घातलंय त्यानं आत?

१६ मार्च, रविवार

सम्राटनं आज डोकं चालवलं. कागलच्या एका गिटारवाल्याकडून माझ्यासारखंच हिरवं पेडल मागून आणलं, त्याच वर्षीचं. मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. तो पेडल बदलत जाणार, आणि माझं कुठलं, त्याचं कुठलं ते मी ओळखायचं. जयसिंगनं माल बदलला असेल तर फरक कळेलच, असं त्याचं म्हणणं. मलाही पटलं.

आठ वेळा वाजवलं. एकदाही फरक कळला नाही. दोन्ही सारखीच बसलेली! दोन्हीवर वाकळ! संघप्रिया सम्राटकडं बघत होती. मला वाटलं, आता काय बोलावं, जयसिंगनं डाव जिंकला. तेवढ्यात कागलच्या पेडलचा तळ उलटा करून बघितला, आणि काय? स्क्रूवर लाल ठिपका!

तेही जयसिंगच्याच हातून गेलेलं! मी टेबलावर मूठ आपटली. आणखी काय पुरावा पाहिजे?

१७ मार्च

जिल्हाभरच्या जुन्या चिपा काढून बसलाय तो. नग आहे.

२३ मार्च, रविवार

नवीन हिरवं पेडल मागवलं होतं, सीलबंद खोक्यात आलं. खोकं सगळ्यांसमोर फोडलं. हे तरी जयसिंगच्या हातचं नव्हतं.

बसका आवाज. काय माल बनवतात हल्ली! नव्यात जीव नाही, जुन्याची चोरी. वाजवणाऱ्यानं जायचं कुठं?

तार बदलली. वायर बदलली. स्पीकरची जाळी काढून पुसली. टोन शेवटाला, अ‍ॅम्पचा ट्रेबलही शेवटाला. तेव्हा कुठं जरा बरं वाटलं, तर संघप्रिया कानात कापूस घालून आली! माझ्यासमोर, दाखवून! लहान असताना तिला मी खांद्यावर बसवून मिरवणुकीत नेलंय. आता मला म्हणते, "दादा, सुरुवातीची धून यंदा कीबोर्डवर घेऊया का? लोकांच्या कानात घुसायलंय." लोकांच्या म्हणजे कुणाच्या? तिच्या एकटीच्या!

मी म्हटलं, ती धून कीबोर्डवर गेली तर मी स्टेजवर चढणार नाही. ती माइकची वायर गुंडाळायला लागली. नाही, तुम्हीच वाजवा म्हणायला पाहिजे होतं तिनं.

सगळं कशामुळं? एका चिपमुळं.

२७ मार्च, गुरुवार

जयंती कमिटीची बैठक. माझा मेसेज त्यांच्यापर्यंतही पोचला होता. यंदा स्टेजमागे जयसिंग नको, इचलकरंजीहून दुसरा माणूस बोलवायचा असं ठरलं. कुणीतरी विचारलं, मास्तर, खात्री आहे ना? मी म्हटलं, शंभर टक्के.

सम्राट सांगत होता, जयसिंगच्या दुकानात हल्ली मिक्सर आणि टेबलफॅन सोडून काही येत नाही. गिटारवाले फिरकत नाहीत. मी म्हटलं, केलं तसं भरतोय. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. भाजीत मीठ जास्त होतं.

१ एप्रिल

क्लासला दोन पोरी नव्यानं आल्या. काय बोलतात ते धड कळत नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. हल्लीच्या मुलांना स्पष्ट बोलायचीच सवय नाही.

शीळ चालूच आहे.

६ एप्रिल, रविवार

उघडलं शेवटी. सम्राट म्हणाला, आता आम्ही सगळे साक्षीला आहोत, फोनवर व्हिडिओ काढतो, ठिपका फोडा. एकदाचं मिटवा.

फोडला. चार स्क्रू काढले, तळाचा पत्रा उचलला.

चिप तीच आहे.

माझीच. दोन हजार सहाला मी तिच्या पाठीवर सुईनं बारीक 'प्र' कोरला होता. माझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नाही, ललितालाही नाही. 'प्र' तिथंच होता. डायोड तेच, जुने. सगळं तेच. माझे कान तापले होते.

आणि तेवढ्यात दिसलं! टोनच्या नॉबमागे एक पिवळा कपॅसिटर, मसुराच्या डाळीएवढा. नवाकोरा, ताज्या सोल्डरनं लावलेला. हा माझ्या पेडलमध्ये कधीच नव्हता. वरची धार अर्थिंगला सोडून द्यायची असली की असा लावतात, दुसरा उपयोगच नाही. मी ओरडलोच — हे बघा! चिप नसेल बदलली, पण धार कापली की नाही? मी खोटं बोलत होतो का?

तेव्हा संघप्रिया पुढं आली. म्हणाली, "जयसिंगमामांना मीच सांगितलं लावायला. पेडल दुरुस्तीला गेलतं तवा. त्यांनी न्हाय म्हटलं हुतं. मी हातापाया पडले."

कशाला?

"तुमचा आवाज सोसत नव्हता दादा. दिवाळीपासनं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पेटला असता."

पेटलोच! पत्रा तिथंच फेकला. माझ्या पेडलमध्ये, माझ्या पाठीमागं, माझा आवाज कापायचा! दोघांनी मिळून! आणि मी महिनाभर येड्यासारखा तारा बदलत बसलोय. जयसिंगनं तरी सांगावं की नाही, एवढं चोर म्हटलं त्याला, ग्रुपवर, कमिटीत? त्याच्या तोंडून संघप्रियाचं नाव निघालं नाही. मोठा आलाय गप्प बसणारा.

८ एप्रिल, मंगळवार

आज मीच सोल्डर तापवून तो पिवळा कपॅसिटर काढून टाकला. आता पेडल अगदी होतं तसं, दोन हजार चारचं. संघप्रियाला मुद्दाम बोलावून घेतलं, म्हटलं, ऐक आता माझा खरा आवाज.

वाजवलं.

संघप्रियानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ललिता स्वयंपाकघरातून धावत आली, काय फुटलं म्हणून.

मला काहीच फरक ऐकू आला नाही. तीच वाकळ.

म्हणजे त्यानं आणखी कुठंतरी काहीतरी घातलंय. असणारच. बोर्डाच्या मागच्या बाजूला बघायचं राहिलंय.

९ एप्रिल

मागच्या बाजूला काही नाही.

१० एप्रिल, गुरुवार

ललिता परस्पर जाऊन कानाच्या डॉक्टरांकडं उद्याचा नंबर लावून आली. घरात आदळआपट केली मी. सव्वीस वर्षं या कानांवर पोट चालवतोय! साउंडच्या भिंतीशेजारी उभं राहून एकाही सुरात चुकलो नाही कधी! पोरांची गिटार लावताना केसाएवढं कमीजास्त झालं तर मला कळतं. आणि आता माझे कान तपासणार.

जातो. तेवढंच यांची तोंडं बंद होतील. दाखला आणून कमिटीच्या टेबलावर ठेवतो.

११ एप्रिल, शुक्रवार

काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं, सोपं होतं. मग बराच वेळ काही वाजलंच नाही. काचेवर टकटक केलं आणि पलीकडच्या बाईंना म्हटलं, अहो, तुमचं मशीन बंद पडलंय. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

मशीन चालू होतं.

बाहेरच्या बाकावर बसून ग्रुप उघडला. माझा पाच मार्चचा मेसेज आता पुसता येत नाही, फार दिवस झाले. त्याखाली लिहिलं — 'जयसिंगनं आतला माल बदललेला नव्हता. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा बिघाड त्याच्या दुकानात दुरुस्त होत नाही म्हणून. पेडल ठणठणीत आहे. कान गेलेत, माझे. — प्रसेनजीत.' पाठवलं.